मोटारीचा चोक : ठेवावा कीं काढावा?

समुद्रकिनाऱ्यावरील गांवांत लोखंडाच्या वस्तूला आयुष्य थोडें. पालघर तालुक्यांतील मुरबे हें असेंच एक गांव आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, एका अंगास सातपाटीपासून त्याला वेगळें करणारी खाडी, आणि वर्षांतील कित्येक महिने अंगाला चिकटणारा खारा वारा. अशा गांवांत एखाद्या घराच्या पडवीशेजारीं, पत्र्याच्या छपराखालीं, आजोबांनीं हौसेनें घेतलेली जुनी फियाट गाडी उभी आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. आजोबांच्या हातून आतां गाडी चालत नाहीं. नातू बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरीस आहे व सुटीच्या दिवशीं ती बाहेर काढण्याची त्याला मोठी आवड. पण गाडी सकाळीं सुरू होतांना छळते. आणि एकदां सुरू झाली कीं काळा धूर सोडते व पेट्रोल बेसुमार पिते. मिस्त्री पाहून जातो आणि सांगतो, "चोक काढून टाका. आपल्या हवेंत त्याचें काय काम?" नातवाला तें पटतें. आजोबा म्हणतात, "अरे, गाडी बनविणाऱ्यानें तो उगीच बसविला असेल काय?"

जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळ घरांतून हा वाद होतो. त्यांत केवळ एका लहानशा झडपेचा प्रश्न नाहीं. गाडीचें इंजिन टिकणार कीं झिजणार, आणि वडिलांनीं ठेवलेली वस्तु पुढच्या पिढीस चालत्या स्थितींत मिळणार कीं नुसती मिरवण्यापुरती उरणार, हा प्रश्न त्यामागें आहे. म्हणून त्याचा निकाल नुसत्या मतानें न लावतां यंत्राचा स्वभाव ओळखून लावावा, हें बरें.

प्रथम चोकचें काम काय तें पाहिलें पाहिजे. मोटारीचें इंजिन द्रवरूप पेट्रोलवर चालत नाहीं. पेट्रोलची वाफ व हवा यांच्या मिश्रणावर चालतें. हें मिश्रण सिद्ध करण्याचें काम कार्ब्युरेटरकडे असतें. त्याच्या पोटांत एक नळी असून ती मध्यें अरुंद झालेली असते. इंजिनांतील दट्ट्या खालीं उतरला कीं या नळींतून हवा ओढली जाते. अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. आणि घटलेल्या दाबामुळें शेजारच्या वाटींतील पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून वर चढून हवेंत फवारलें जातें. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं असा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर प्रचारांत आणला व पुढें शंभर वर्षें जगांतील बहुतेक मोटारी त्याच तत्त्वावर धावल्या. इंजिन तापलेलें असतांना वजनानें पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारें पंधरा भाग पुरेसे होतात.

थंड इंजिनाची गोष्ट निराळी. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. तें अनेक द्रवांचें मिश्रण आहे. त्यांतील कांहीं द्रव ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळूं लागतात, तर कांहींना २०० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. इंजिन गार असलें म्हणजे हलक्या भागाची तेवढी वाफ होते आणि बाकीचें पेट्रोल थेंबांच्या रूपानें नळीच्या भिंतींना चिकटून राहतें. त्यांतच सुरू होतांना इंजिन हळूहळू फिरत असतें, म्हणून त्याची ओढही दुबळी असते. अशा वेळीं प्लगच्या ठिणगीपाशीं पेटण्याजोगी वाफ पोंचावी, तर पेट्रोल नेहमींच्या कित्येक पट सोडावें लागतें. कडाक्याच्या थंडींत एका भागास हवेचे तीनच भाग, इतकें दाट मिश्रण द्यावें लागतें. चोकची झडप कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं बसलेली असते. चालकानें दांडी ओढली कीं ती मिटते, हवेची वाट अडते, आंतली ओढ वाढते व जेटांतून भरपूर पेट्रोल वर येतें. चोक म्हणजे गळा आवळणें. पण येथें गळा आवळला जातो तो हवेचा, आणि तोही इंजिनाला श्वास घेतां यावा म्हणून!

ज्यांच्या घरीं पितळी स्टोव्ह होता त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. स्टोव्हची टांकी रॉकेलनें भरली आणि पंप मारला, एवढ्यानें तो पेटत नसे. आधीं स्पिरिटांत भिजविलेला काकडा लावून वरचें नळकांडें तापवावें लागे. तें तापलें म्हणजे रॉकेलची वाफ होई व निळी ज्योत उठे. तापण्यापूर्वीं पंप मारला तर पिवळा भडका आणि काजळी! काकडा पेटविण्याचें काम दोन मिनिटांचें. मग तो बाजूला काढून ठेवावयाचा. पण काकडा निरुपयोगी आहे असें म्हणून कोणत्या गृहिणीनें तो फेंकून दिला? चोकचें नातें इंजिनाशीं असेंच आहे.

आतां मिस्त्रीच्या म्हणण्याचाही विचार न्यायानें करावयास हवा. मुरब्यासारख्या गांवीं समुद्राच्या सान्निध्यामुळें हिंवाळ्यांतली पहांटही फारशी कडक नसते. पारा सामान्यतः १५ अंशांच्या खालीं उतरत नाहीं. येथें चोक फार थोडा वेळ लागतो, हें खरें. दुसरें असें कीं, झडप उघडी असतांनाही तिची पाती व दांडा हवेच्या वाटेंत आडवे असतात, आणि त्यामुळें पूर्ण वेगाच्या वेळीं हवेला किंचित् अडथळा होतो. शर्यतीच्या गाड्यांवरून चोक काढतात तो याच कारणानें. तिसरें म्हणजे विसराळू चालक. दांडी ओढलेलीच ठेवून दहा मैल गाडी हांकणारे लोक कमी नाहींत.

परंतु यांतील एकही कारण घरगुती गाडीस पुरतें लागू पडत नाहीं. शर्यतीचें इंजिन मैदानावर येण्यापूर्वीं मदतनीस तें तापवून ठेवतात, आणि तें पूर्ण वेगानेंच धांवावयाचें असतें. पडवींतली फियाट पालघरच्या बाजारापर्यंत जाणार. तिला त्या किंचित् अडथळ्याची जाणीवही व्हावयाची नाहीं. शिवाय गाडी कांहीं कायम मुरब्यांतच राहत नाहीं. ती जव्हारच्या डोंगरावर जाईल. नाशिककडे गेली तर निफाडच्या थंडींत, जेथें हिंवाळ्यांत पारा पांच अंशांच्याही खालीं उतरतो, तेथें रात्रभर उघड्यावर उभी राहील. तेव्हां पहांटे बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर फिरवीत बसण्याची पाळी येईल.

दुसरा एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. चोक या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळ्या योजना मोडतात. विलीज जीपवरील कार्टर कार्ब्युरेटरांत तोंडाशीं खरीखुरी झडप असते. हिंदुस्थान मोटर्सच्या अनेक अॅम्बॅसेडर गाड्यांवर जो एस. यू. कार्ब्युरेटर असे, त्यांत अशी झडपच नसते. तेथें दांडी ओढली कीं जेट खालीं सरकतो, त्यांतील निमुळत्या सुईभोंवतीं जागा वाढते व पेट्रोल जास्त येतें. सोलेक्सच्या कांहीं कार्ब्युरेटरांत तर बाजूला एक स्वतंत्र छोटी वाट ठेवलेली असते आणि दांडी ओढली म्हणजे ती उघडते. पुण्याजवळ आकुर्डीस बनलेल्या बजाज चेतक स्कूटरचा चोकही याच जातीचा. झडप नसलेल्या कार्ब्युरेटरांतून चोक काढल्यानें हवेची वाट तिळभरही रुंद होत नाहीं. म्हणून "काढा" म्हणण्यापूर्वीं आपल्या गाडीवर कोणता कार्ब्युरेटर आहे, हें एअर क्लीनर उतरवून डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. जुन्या गाड्यांवर कार्ब्युरेटर बदललेलेही असतात. तेव्हां केवळ गाडीच्या नांवावरून अनुमान करूं नये.

आतां त्या फियाटच्या दुखण्याकडे वळावें. तिच्या दोन तक्रारी आहेत: सुरू होत नाहीं, आणि सुरू झाल्यावर काळा धूर सोडते. पहिली तक्रार पेट्रोल कमी पडल्याची, दुसरी पेट्रोल जास्त झाल्याची. या दोन परस्परविरुद्ध तक्रारी एकाच गाडीच्या कशा? तिच्या कार्ब्युरेटरांत झडप असेल, तर उत्तर बहुधा खाऱ्या वाऱ्यांत सांपडेल. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, केबलीच्या पोलादी तारेवर गंज चढला, झडपेचा दांडा भोंकांत जखडला. आणि झडप अर्ध्यावरच अडकून बसली. ती पुरती मिटत नाहीं, म्हणून थंड इंजिन पेटत नाहीं. पुरती उघडत नाहीं, म्हणून तापलेलें इंजिन धूर ओकतें. अशा गाडीची झडप काढली तर धूर जाईल, पण सुरू होण्याचा त्रास दुणावेल. तेलाचे चार थेंब व नवी केबल यांनीं जें काम होण्यासारखें आहे, त्यासाठीं अवयवच कापून काढणें हा कांहीं उपचार नव्हे.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद व गार असतांना एअर क्लीनर काढावा आणि दुसऱ्या माणसास दांडी ओढावयास सांगावी. झडप पूर्ण मिटली पाहिजे. दांडी आंत सारतांच ती पूर्ण उघडून वाऱ्याच्या दिशेनें उभी राहिली पाहिजे. दांडी पूर्ण आंत असतांना केबल किंचित् सैल असावी. ती ताठ असेल तर झडप थोडी ओढलेलीच राहते. दांड्यावर हलकें तेल सोडावें. जाड ग्रीस लावूं नये, कारण किनाऱ्यावरील बारीक वाळू त्याला चिकटते व कानसेसारखें काम करते. झडप नीट उघडत असूनही धूर येत असेल, तर वाटींतील फ्लोट किंवा पेट्रोल अडविणारी सुई तपासावी. उलट चोक अर्धा ओढल्यावांचून गाडी चालतच नसेल, तर कोठें तरी जेट तुंबलें आहे किंवा गॅस्केटमधून फाजील हवा शिरते आहे, असें समजावें. अशा वेळीं चोक हा रोग नसून रोगाची खूण दाखविणारा साक्षीदार असतो. साक्षीदारासच घालवून दिलें तर रोग कळणार कसा?

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे. अशा गाडीच्या कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल उडून जातें. वाटीच कोरडी असेल तर चोक कितीही ओढला तरी आणणार काय? अनेक जुन्या पंपांना हातानें हलविण्याची लहानशी कळ असते. तिनें आधीं वाटी भरून घ्यावी. तशी सोय नसेल तर थोडें थोडें थांबून स्टार्टर मारावा. बॅटरी बसेपर्यंत स्टार्टर दाबून धरणें आणि मग चोकला दोष देणें, हें न्यायाचें नव्हे.

चोक काढून टाकल्यानें जें नुकसान होतें, तेंही ध्यानांत घ्यावें. झडपेची पाती दोन लहान स्क्रूंनीं दांड्यावर बसविलेली असते व त्या स्क्रूंचीं टोकें ठोकून पसरविलेलीं असतात. तीं काढतांना तुटलेला तुकडा खालीं पडला, तर तो सरळ इंजिनांत जाण्याचा धोका असतो. दांडा काढल्यावर त्याचीं दोन्ही भोंकें नीट बुजविलीं नाहींत, तर एअर क्लीनर चुकवून वाळू व खारट धूळ आंत शिरते. आणि पुष्कळ कार्ब्युरेटरांत चोकची दांडी दुसरेंही एक काम करीत असते: ती थ्रॉटल किंचित् उघडून थंड इंजिनाचा वेग थोडा वाढविते. ती गेली कीं चालकाला पहिलीं कांहीं मिनिटें अॅक्सिलरेटरवर पाय ठेवूनच बसावें लागतें.

या जुन्या कारणांत अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. २०२५ सालीं आपल्या देशानें पेट्रोलमध्यें शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळण्याचें लक्ष्य गाठलें. इथेनॉल हा एकच पदार्थ आहे व तो ७८ अंशांवर उकळतो. पेट्रोलांतील हलक्या भागांसारखा तो गारठ्यांत सहज उडत नाहीं. त्याची वाफ होण्यास पेट्रोलच्या अडीच पटींहून अधिक उष्णता लागते. शिवाय त्याच्या एका भागाच्या ज्वलनास हवेचे नऊच भाग पुरतात. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठीं बसविलेल्या जुन्या जेटांतून मिसळीचें पेट्रोल आलें, तर मिश्रण पातळ पडतें. तात्पर्य, आजच्या पेट्रोलवर जुन्या गाडीला सुरू होतांना चोकची गरज पूर्वीपेक्षां अधिकच आहे. मात्र पातळ मिश्रणाची भरपाई म्हणून चोक ओढून ठेवून प्रवास करूं नये. त्यासाठीं जाणत्या मिस्त्रीकडून योग्य मापाचें जेट बसवून घ्यावें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें व जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या खराब करतें. दमट किनाऱ्यावर याची विशेष काळजी घ्यावी आणि पेट्रोल महिनोन् महिने टांकींत सांठवूं नये.

चोक ठेवावा, याचा अर्थ तो ओढून ठेवावा असा मात्र नव्हे. आजोबांच्या पक्षानें हा दुसरा भाग लक्षांत ठेवला पाहिजे. फाजील पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढतें, म्हणजे धातूवर धातु घांसूं लागतो. तेंच पेट्रोल खालीं उतरून इंजिनांतील तेल पातळ करतें. प्लगवर काजळी धरते. मुरब्याच्या हवेंत सकाळीं चोक ओढून इंजिन पेटलें कीं दांडी लगेच अर्धी आंत सारावी, आणि इंजिन अडखळेनासें झालें कीं पूर्ण आंत सारावी. बहुधा एक-दोन मिनिटांत हें उरकतें. दुपारच्या उन्हांत किंवा नुकत्याच थांबविलेल्या गाडीस चोक लावूंच नये. एक गोष्ट तर घरांतील प्रत्येकानें ध्यानीं धरावी: दाट मिश्रण जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु पुष्कळ निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला कळण्यापूर्वींच तो घात करतो. म्हणून दारें लावलेल्या गॅरेजमध्यें गाडी सुरू करूं नये.

आजच्या तरुण मिस्त्रीस चोक अनावश्यक वाटतो, यांत त्याचा दोष थोडा. तो ज्या यंत्रांवर शिकला त्यांना चोक नव्हता. मुरब्याच्या मासेमारी होड्यांचीं डिझेल इंजिनें पाहावीं. त्यांना कार्ब्युरेटरही नाहीं व प्लगची ठिणगीही नाहीं. तेथें दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. सी. एन. जी. हा मुळांतच वायु. त्याची वाफ करावी लागत नाहीं, म्हणून त्याला चोक नको. नव्या मोटारींत संगणक थंडीचा अंदाज घेऊन पेट्रोलचें माप ठरवितो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकली व स्कूटरींनींही कार्ब्युरेटरचा निरोप घेतला. चोकचें काम नाहींसें झालें असें नव्हे. तें मनुष्याच्या हातांतून यंत्राच्या हातांत गेलें इतकेंच.

आणि म्हणूनच जुन्या गाडीवरील ती लहानशी दांडी जपण्यासारखी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या फियाट व पद्मिनी या गाड्यांनीं मुंबईच्या कित्येक पिढ्या वाहून नेल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहींशी झाली. आतां ज्या उरल्या आहेत त्या घरोघरच्या पडवींत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आहे. एक चोक काढल्यानें गाडी त्या मानास मुकेलच असें नाहीं. पण मूळ स्वरूप एकदम कधींच जात नाहीं. आज एक झडप, उद्यां एक दिवा, परवां एक कांटा, असें तें हळूहळू जातें. एवढें सांगूनही कोणाला चोक काढावयाचाच असेल, तर त्यानें पाती, दांडा, स्क्रू व केबल हें सर्व एका डबींत घालून, वर गाडीचा नंबर लिहून ठेवावें; म्हणजे पुढच्या मालकास आपली चूक दुरुस्त करण्याची सोय राहील.

सारांश इतकाच कीं, चोक ठेवावा, तो मोकळा हलेल असा ठेवावा, लागेल तेव्हां निःशंकपणें ओढावा आणि काम होतांच सोडावा. मदत वेळेवर घेणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती वेळेवर सोडणेंही महत्त्वाचें आहे. ज्या चालकाला ती वेळ ओळखतां येते, त्याच्या गाडीवर चोक कधींच जड होत नाहीं.